दोन तिरक्या रेघा

ओसिचकोव गावच्या लुबोर हान्झलिकला आपल्या घड्याळाचा इतका अभिमान होता, की बायकोच्या सुपाची तारीफसुद्धा तो "मीठ अगदी माझ्या घड्याळासारखं अचूक" अशी करायचा. त्यावर बायको म्हणायची, "म्हणजे जास्त झालंय का कमी, ते सांग." दूधडेअरीत वायरमनची नोकरी आणि घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिपा, तारा, डाग देण्याची सोल्डरिंगची इस्त्री. पंचावन्न वर्षांच्या माणसाला एवढा एकच नाद, तेव्हा बायकोने टेबलाचा अर्धा भाग त्याला कायमचा देऊन टाकला होता.

घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे. आमच्याकडे उन्हाळ्यातला प्रत्येक रविवार हौशी अग्निशमन दलांच्या शर्यतींचा असतो. इशारा झाला की सात जणांनी पळत सुटायचं, पंप सुरू करायचा, हौदातलं पाणी ओढायचं, पाइप जोडायचे, आणि दोघांनी पुढे धावत जाऊन पत्र्याच्या दोन लक्ष्यांमधल्या मुठीएवढ्या भोकांत फवारा मारायचा. भोकामागचा डबा भरला की आतला तरंगता गोळा वर येतो, दोन तारा जुळतात आणि दिवा लागतो. डावा डबा, उजवा डबा. दोन्ही भरले की शर्यत संपली. सतरा-अठरा सेकंदांचा सगळा खेळ. पण त्या सतरा सेकंदांवरून आमच्याकडे गावंच्या गावं वर्षवर्ष एकमेकांशी बोलत नाहीत.

हे सेकंद मोजणारी पेटी लुबोरने बनवलेली होती. तिच्यात नखाएवढी चिप आणि त्या चिपेत त्याने लिहिलेला प्रोग्राम. सहा वर्षं तो प्रोग्राम एखाद्या संशयी म्हातारीसारखा चालला. सेकंदाला हजार वेळा तो दोन्ही डब्यांना विचारायचा, "भरलास का? भरलास का?" आणि सलग वीस वेळा "हो" आल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मग त्या वसंतात लीगच्या बैठकीत पलीकडच्या गावचा एक इंजिनिअर सगळ्यांसमोर म्हणाला, "लुबोर, तुझी पेटी विचारपूस करत बसते, तोवर दोन शतांश सेकंद निघून जातात. आमच्या पोरी एका शतांशाने हरल्यात!" लोक हसले. लुबोरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

घरी येऊन त्याने प्रोग्राम नव्याने लिहायला घेतला, आणि या वेळी इंटरप्ट वापरला. इंटरप्ट म्हणजे काय, हे तो दर हिवाळ्यात शाळेतल्या गुरुवारच्या हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळात शिकवायचा. "समजा तुम्ही बटाट्याचे गोळे वळताय," तो सांगायचा. "दर मिनिटाला दार उघडून पाहुणा आला का बघाल, तर गोळे वळून होणार कधी? त्यापेक्षा दाराला घंटा लावा. घंटा वाजली की हातातलं टाका, घड्याळ बघा, वेळ टिपा, परत गोळ्यांकडे. हा इंटरप्ट. पण लक्षात ठेवा, घंटा वाऱ्यानेही वाजते. म्हणून वेळ टिपला तरी क्षणभर थांबून खिडकीतून बघा, पाहुणा खरंच उभा आहे ना. नसेल तर टिपलेलं खोडून टाका." त्या बघण्यासाठी प्रोग्राममध्ये चार ओळी लागतात. या चार ओळी जो लिहीत नाही त्याची लुबोर मंडळात यथेच्छ टिंगल करायचा. एका बिचाऱ्या पोस्टमनने त्या विसरल्या, तर त्याला वर्षभर "वाऱ्याचा पाहुणा" म्हणून हाक मारत होता.

लीगच्या पुढच्या बैठकीत पंच कामिल दोस्ताल म्हणाला, "नवा प्रोग्राम लावतोयस ना? मग थोडे दिवस हातातली स्टॉपवॉचही चालू ठेवू. असू दे दोन."

"मग माझी पेटी कशाला आणता?" लुबोर म्हणाला. "तुमच्या अंगठ्यांनीच मोजा की. घरी दोन बायका ठेवल्यासारखं ते."

दोस्तालला वाद आवडत नाहीत. हाताची घड्याळं कपाटात गेली.

जुलैतल्या तिसऱ्या रविवारी आमच्या तळ्याकाठच्या कुरणावर शर्यती होत्या. ऊन चांगलं होतं, सॉसेजच्या धुराने डोळे चुरचुरत होते. महिलांमध्ये शेवटून तिसरा धावणारा संघ क्लेनोव्काचा. क्लेनोव्का म्हणजे चाळीस घरांचं गाव. त्यांच्याकडे नवा पंप घ्यायची ऐपत नाही. त्यांचा पंप पन्नास वर्षांचा, नाव मान्चा, आणि तो जिवंत होता तो मेतोदेय पावलिश्का या शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यामुळे. मेतोदेय पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या केंद्रावर मुख्य फिटर होता, आणि लुबोर तिथे अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होता. डाग कसा द्यावा, तार कशी सोलावी, चूक झाली तर ती आधी आपण कशी सांगावी, हे लुबोर त्याच्याकडून शिकला. अजूनही तो त्याला उस्ताद म्हणायचा. मेतोदेयची नात रादाना संघाची कर्णधार होती आणि पंप तीच चालवायची.

इशारा झाला. पोरी सुटल्या त्या अशा, की हातातला पेला कुणाला तोंडाला लावता येईना. एकही जोड चुकला नाही. पाणी लक्ष्यांवर आदळलं तेव्हा रादानाने मान्चाचा घसा पूर्ण मोकळा सोडला, इंजिन किंचाळलं, आणि दोन्ही दिवे लागले. पाटीवर आकडा आला: १५.४१२.

लीगचा विक्रम सोळाच्या वरचा होता. क्लेनोव्काची स्वतःची सगळ्यात चांगली वेळ सतरा पूर्णांक नऊ. आधी आरडाओरडा झाला, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रादानाच्या आईने मोबाइल धरलेला हात आकाशात उंचावून नाच सुरू केला. मग कुरणावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. पन्नास वर्षांचा पंप आणि पंधरा सेकंद?

दोस्ताल पेटीपाशी आला. "लुबोर, बरोबर आहे ना रे?"

लुबोरने पेटीचं मागचं बटण दाबलं. पाटीवर एकच आकडा दिसायचा, पण मागच्या छोट्या पडद्यावर दोन्ही डब्यांचे वेगवेगळे आकडे दिसत. ते त्याच्याशिवाय कुणी बघत नसे. डावा १५.४१२. उजवा १५.४१२.

दोन पोरी, दोन फवारे, दोन डबे, आणि एक हजारांश सेकंदाचाही फरक नाही. सहा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. दोन्ही घंटा एकाच क्षणी वाजल्या म्हणजे पाहुणे आले नव्हते, वारा आला होता, हे त्याला तिथल्या तिथे, उभ्या जागी कळलं. निदान कळायला लागलं. पण बाजूला दोस्ताल उभा होता, त्याच्यामागे तो इंजिनिअर हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याचे ओठ हसण्याच्या तयारीत होते.

"माझं घड्याळ खोटं बोलत नाही," लुबोर म्हणाला आणि बटण सोडून दिलं. पडदा विझला.

"झालं तर मग," इंजिनिअर म्हणाला. "घड्याळ खरं, तर पंप खोटा. इंजिन उघडा."

ही मागणी नियमात बसणारी होती. सिलिंडर ठरलेल्या मापापेक्षा मोठा केला तर पंप बाद होतो. चार माणसं मान्चाभोवती जमली, आणि मेतोदेय तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"तीस वर्षं मी हा पंप सांभाळतोय," तो म्हणाला. "माप कारखान्यातून आलं तेच आहे. मी सांगतोय."

"सांगण्यानं काय होतंय, आजोबा? नट काढा."

"या कुरणावर माझा शब्द पुरत नसेल, तर नटही निघणार नाही."

दोस्तालने विनवणी केली. "अहो मेतोदेय, दहा मिनिटांचं काम आहे. उघडा आणि मोकळे व्हा. हट्ट कशाला?"

म्हाताऱ्याने मान वर केली आणि गर्दीतून नेमकं लुबोरकडे पाहिलं. अकरा वर्षं हाताखाली काम केलेला माणूस आपल्या बाजूने एक शब्द बोलेल, एवढीच त्याची अपेक्षा असावी. लुबोर केबल गुंडाळायला खाली वाकला. केबल गुंडाळायची काही गरज नव्हती, अजून दोन संघ बाकी होते.

क्लेनोव्का बाद झाली. ज्याने इंजिन उघडलं नाही त्याच्या इंजिनात काहीतरी आहेच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "चोर!" असं ओरडलं. रादानाने हेल्मेट गवतावर आपटलं आणि ती आजोबांबरोबर पंपाची ट्रॉली ढकलू लागली. उरलेले दोन संघ धावले. लुबोरने आकडे वाचून दाखवले, आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, याची त्याला पुढे फार लाज वाटली.

सोमवारी कामावरून आल्यावर त्याने टेबलावर प्रोग्राम उघडला. त्या चार ओळी तिथे होत्या. त्याने त्या लिहिल्या होत्या, नीट लिहिल्या होत्या. फक्त प्रत्येक ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा होत्या. अशा रेघा मारल्या की चिप ती ओळ वाचत नाही. लिहिलेलं लिहिलेलं राहतं, पण आंधळ्यापुढे ठेवलेल्या चिठ्ठीसारखं.

आणि रेघा कधी मारल्या तेही आठवलं. मे महिन्यात तो पाटीवरचे आकडे तपासत होता. डब्याऐवजी त्याने एक छोटं बटण जोडलं होतं आणि ते टिचकी मारल्यासारखं दाबत होता. चार ओळी आपलं काम चोख करत होत्या: एवढ्याशा टिचकीला त्या पाहुणा मानेनात. वैतागून त्याने त्यांची तोंडं बांधली, आकडे तपासले, आकडे छान आले, तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली. टेबलावर सगळंच चालतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

तरी त्याने खात्री करून घेतली. अंगणात केबल पसरली, पेटी लावली, आणि शेजाऱ्याची जुनी मोपेड आणून तिच्या प्लगवरची टोपी काढली. नव्या पंपांच्या प्लगला ठिणगीची विजेची गडबड जवळच्या तारांत जाऊ न देणारी टोपी असते. मान्चाच्या काळात असलं काही नव्हतं. मोपेड रेस केली, आणि डबे कोरडे ठणठणीत असताना दोन्ही दिवे एकदम लागले. डावा, उजवा, हजारांशापर्यंत सारखे. मग त्याने आठ तिरक्या रेघा पुसल्या, प्रोग्राम चिपेत भरला आणि पुन्हा मोपेड रेस केली. अंगण धुराने भरलं, बायको खिडकीतून खोकत ओरडली, पण दिवे लागले नाहीत. पेटी आता खरोखरच खोटं बोलत नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याने दोस्तालला फोन करायला हवा होता. फोन त्याने हातात घेतलाही. पण सांगायचं काय? ज्या चुकीसाठी पोस्टमनला वर्षभर चिडवलं तीच मी केली? हाताची घड्याळं मीच कपाटात घालायला लावली? उद्या सांगू म्हणून त्याने फोन ठेवला. मंगळवारी वाटलं, रविवारी प्रत्यक्षच सांगू. रविवारी दुसऱ्या गावी शर्यती झाल्या, पेटी देवासारखी चालली, आणि दोस्ताल त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू आहेस म्हणून ही लीग आहे बाबा." क्लेनोव्काचा संघ आलाच नव्हता. मूग गिळायची एकदा सवय लागली की ते गोड लागायला लागतात म्हणावं, तर तसंही नव्हतं. लुबोरला जेवण जात नव्हतं. पण बोलणंही होत नव्हतं.

त्या आठवड्यात बिअरच्या टेबलावर विषय निघालाच.

"म्हाताऱ्यानं आत घातलं तरी काय असेल रे?"

"विमानाचं इंजिन असेल. म्हणून तर उघडेना!"

"रादाना पंप चालवत नव्हती, उडवत होती," तिसरा म्हणाला, आणि टेबल हसलं.

लुबोरही हसला. हसून झाल्यावर त्याला स्वतःचे दात तोंडात परके वाटायला लागले. तो अर्धा पेला तसाच टाकून उठला, आणि घरी जाईपर्यंत वाटेत भेटलेल्या कुणाकडे त्याने मान वर करून बघितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात रादानाचा फोन आला. "काका, आजोबांनी तुम्हाला बोलावलंय. शनिवारी दुपारी या. येताना सूक्ष्ममापी आणा म्हणालेत, त्यांच्या मापीवर त्यांचा आता भरवसा नाही."

मेतोदेयच्या कोठाराचं दार सताड उघडं होतं. आत जमिनीवर एक पांढरी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर मान्चा पडली होती, सुटी सुटी. पिस्टन, कड्या, झडपा, कार्ब्युरेटर, एकेक नट रांगेत. प्रत्येक तुकड्याखाली कागदाचा चिटोरा, त्यावर म्हाताऱ्याच्या वळणदार अक्षरात मापं. चार माणसांनी मागितलं तेव्हा ज्याचा एकही नट निघाला नाही, तो सगळा पंप त्याने एकट्याने घरात बसून उघडला होता.

"ये," मेतोदेय म्हणाला. तो उतरला होता, दाढी वाढलेली. "बैस त्या खोक्यावर. मी तीनदा मोजलंय. मला काही सापडत नाही. आता तू बघ."

"काय बघू, उस्ताद?"

"अरे, काय म्हणजे? चूक. ही बया सतराच्या खाली कधी आली नाही. मग पंधरा कशी? मी काही केलेलं नाही, पण मागच्या हिवाळ्यात सिलिंडर घासला होता, तेव्हा हात कमीजास्त झाला असेल. माझे डोळे काही पूर्वीचे राहिले नाहीत. पोरगी रोज म्हणते, आजोबा, घड्याळच चुकलं असेल. मी तिला म्हटलं, लुबोरला मी शिकवलंय. तो म्हणाला ना, घड्याळ खोटं बोलत नाही? मग नाही बोलत. म्हणजे खोट माझ्यात आहे." त्याने चादरीकडे हात केला. "ती सापडली की मी स्वतः जाऊन कुरणावर सांगणार. माणसाने आपली चूक आपण सांगावी. शोधून दे मला."

लुबोरला त्या खोक्यावर बसवेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या कोठारात कळलं. त्याच्या हातातली सूक्ष्ममापी त्याने चादरीच्या कडेला ठेवली, आणि मग त्याच्या तोंडून एकदम सगळं पडलं: इंटरप्ट, चार ओळी, तिरक्या रेघा, मान्चाची ठिणगी, मोपेड.

सगळं ऐकून मेतोदेयने चादरीवरचा पिस्टन उचलला. तो हातात फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे माझा हात हलला नव्हता."

"नाही, उस्ताद."

"बरं." त्याने बाहीने डोळे पुसले. "बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, की मी गेलो कामातून. हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. सोमवारी."

"तीन आठवडे."

"हो."

"आणि रविवारी? कुरणावर? तेव्हा काहीच दिसलं नव्हतं?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? एवढं सांगितलं, तिथे आणखी एक वाक्य. पण म्हातारा त्याच्याकडे अशा काही आशेने बघत होता, आपला शागीर्द निदान त्या क्षणी तरी प्रामाणिक होता एवढं ऐकायला आसुसला होता, की लुबोर म्हणाला, "नाही. तेव्हा काहीच नाही."

"मग ठीक आहे," मेतोदेय म्हणाला. "चुका होतात. उद्या येऊन सांग सगळ्यांना. मी येईन तुझ्या बाजूला उभा राहायला."

दुसऱ्या दिवशीच्या शर्यती पुन्हा आमच्याच कुरणावर होत्या, हंगामातल्या शेवटच्या. मेतोदेय दाढी करून, इस्त्रीचा गणवेश घालून आला. रादाना आणि तिच्या पोरी मागे घोळक्याने उभ्या राहिल्या. दुपारच्या सुट्टीत लुबोरने दोस्तालच्या हातातून माईक घेतला.

त्याने सांगितलं. साधंच सांगितलं, कुणालाही कळेल असं: पेटीला ठिणगीची चाहूल लागली, तिने डबे भरले असं मानलं, चूक क्लेनोव्काची नव्हती, मेतोदेय पावलिश्कांचा पंप निर्दोष आहे. माईक त्याने दोन्ही हातांनी धरला होता. सांगून झाल्यावर त्याने शिव्यांची वाट पाहिली.

शिव्या आल्या नाहीत. "च्यायला, यंत्रच ते!" मागून कुणीतरी म्हणालं. "माझा फोनपण असाच वेडेपणा करतो." दोस्तालने सुटकेचा श्वास टाकला. इंजिनिअर खांदे उडवून हसला. मेतोदेय पुढे आला, लुबोरच्या शेजारी उभा राहिला, आणि त्याने पहिल्यांदा टाळी वाजवली. मग सगळं कुरण टाळ्या वाजवायला लागलं. एका म्हाताऱ्याला ज्यांनी सेकंदात चोर ठरवलं, ते लुबोरला तितक्याच सेकंदांत माफ करून मोकळे झाले. "एवढं सांगायलाही छाती लागते," मेतोदेय त्याच्या कानात म्हणाला, आणि त्याने लुबोरचा खांदा दाबला.

खांद्यावरचा तो हात लुबोरला सहन होईना. माईक परत दिला असता तर सगळं मिटलं होतं. दोस्तालने घ्यायला हात पुढेही केला.

"थांबा," लुबोर माईकमध्ये म्हणाला. "यंत्राचं काही नाही. मी तेव्हाच पाहिलं होतं. त्या रविवारी, इथेच. डावा आणि उजवा, दोन्ही आकडे सारखे होते. असं होत नाही, हे मला माहीत होतं. दोस्तालने विचारलं तेव्हा मला माहीत होतं. उस्ताद पंपावर हात ठेवून उभे होते तेव्हाही माहीत होतं. काल त्यांनी विचारलं, तर त्यांनाही मी खोटं सांगितलं."

टाळ्या एकदम बंद झाल्या नाहीत. पुढच्यांच्या आधी थांबल्या, मागे कुणाला नीट ऐकू गेलं नव्हतं ते आणखी थोडा वेळ वाजवत राहिले, मग तेही थांबले. लुबोरच्या खांद्यावरचा हात निघाला. त्याने वळून बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

घोळक्यातून रादाना पुढे आली. ती आता आपल्या थोबाडीत मारणार असं त्याला वाटलं, आणि मारली तर बरं होईल असंही वाटलं.

"ते सगळं राहू दे, काका," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. आमचा खरा वेळ किती होता?"

लुबोरने पेटीकडे पाहिलं.

"आईने मोबाइलवर काढलं होतं, पण शेवटी नुसतं आकाश दिसतंय," ती म्हणाली. "हातातली घड्याळं त्या दिवशी नव्हती. तुमच्याकडे असेल ना? पेटीत कुठेतरी? डबे नंतर खरोखर भरले, तेव्हाचा?"

"पेटी एकदाच टिपते," लुबोर म्हणाला. माईक अजून चालू होता, त्यामुळे हे सगळ्या कुरणाला ऐकू गेलं. "पहिल्यांदा. नंतरचं ती बघत नाही."

"म्हणजे सतरा असेल?"

"असेल."

"सोळा?"

"असू शकेल."

"आम्ही तसं कधीच पळालो नव्हतो, काका. एकही जोड चुकला नाही. आमच्यातली एक गेल्या आठवड्यात जर्मनीला गेली कामाला, आता तो संघही नाही." ती एक पाऊल जवळ आली, जणू तो अजूनही आठवून सांगेल. "विक्रमसुद्धा असू शकेल?"

"असू शकेल," लुबोर म्हणाला. "मला माहीत नाही."

रादानाने मान डोलावली. मग तिने आजोबांचा हात धरला, आणि गर्दीने बाजूला होऊन दोघांना वाट दिली.